एकमताने मंजूर

सिस्टर,

तुमच्या शोकसभेत ठराव वाचताना माझा आवाज बसला. दोन वाक्यं नीट गेली, तिसऱ्याला घशातून नुसती हवा आली. अध्यक्षसाहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मागून कुणीतरी म्हणालं, "राहू द्या भाऊसाहेब, बसा." सगळ्यांना वाटलं, जुना स्नेह आहे, वय झालंय, भरून आलं असेल. भरून आलंच होतं. पण आवाज गेला तो त्या तिसऱ्या वाक्यामुळं. ते वाक्य माझंच. पेन्शनर संघाचा सचिव म्हणून आदल्या दिवशी चहा पीत पीत लिहिलेलं: 'त्यांनी मांडलेल्या प्रत्येक मताची संघाने नेहमीच आदरपूर्वक नोंद घेतली.'

खर्ड्यात तुमच्या नावामागं सवयीनं 'कै.' पडलं होतं. मग तुमच्या बौद्ध घरची रीत आठवली आणि ते खोडून 'कालकथित' केलं. एवढी काळजी घेतली, आणि दोनच ओळींनंतर हे खोटं लिहून मोकळा झालो. हॉलमधल्या कुणालाच ते खोटं वाटलं नाही. ज्यांना वाटलं असतं, त्या तुम्ही हार घातलेल्या फोटोत होता.

आपली ओळख कशी झाली ते तुम्ही चारचौघांत कधी सांगितलं नाहीत. माझी लाज राखलीत. मी आरोग्य खात्यात आस्थापना शाखेचा कारकून, तुम्ही खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांत नर्स. तुमचं सेवापुस्तक माझ्या कपाटात. तुमच्या बदल्या, रजा, वेतनवाढी माझ्याच अक्षरात. कधी एखादी नोंद राहिली की तुम्ही यायचा, टेबलापाशी उभ्या राहायचा, आणि मी मान वर न करता म्हणायचो, "उद्या या." एका 'उद्या या'साठी तुम्हाला मंद्रूपहून पुन्हा एसटी धरावी लागते, एक रजा जाते, याचा मी विचार केला नाही. कुणाला पान खायची सवय असते, मला ती होती.

मग मी निवृत्त झालो आणि माझंच पेन्शनचं प्रकरण अडकलं. सुरुवातीच्या एका वर्षाच्या सेवेची पडताळणी झालेली नव्हती. आयुष्यभर इतरांची सेवापुस्तकं लिहिणाऱ्याचं स्वतःचं पुस्तक अर्धवट. ज्या व्हरांड्यातून मी तोऱ्यात चालायचो, तिथल्याच बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसू लागलो. एक दिवस तुम्ही समोर येऊन उभ्या राहिलात. पांढरी साडी नाही, साधी सुती. मी आधी ओळखलंच नाही.

"काय भाऊसाहेब," तुम्ही म्हणालात, "उद्या या म्हणाले का?"

मी खाली बघितलं. तुम्ही हसलात, लई हसलात, आणि मग शेजारी बसलात. कागद मागितले, एकेक बघितला. "एकट्यानं येऊ नका इथं," म्हणालात, "एकट्या म्हाताऱ्याला कुणी ओळखत नाही. संघात या." पुढच्या मंगळवारी संघाची चार माणसं माझ्याबरोबर साहेबांपुढं उभी राहिली. महिन्याभरात प्रकरण सुटलं. संघ म्हणजे काय, हे त्या दिवशी मला कळलं. पत्रकं, मागण्या, झेंडा नव्हे. बाकावर शेजारी येऊन बसणारं माणूस.

तेव्हाचा संघ म्हणजे सात रस्ता चौकाच्या मागं तळमजल्यावरची एक खोली, दोन टेबलं आणि दर मंगळवार. तुम्ही प्रश्न विचारायचा, मी अर्ज लिहायचो. नोव्हेंबर आला की घरभेटी. जे अंथरुणाला खिळलेत, ज्यांना बँकेपर्यंत जाता येत नाही, त्यांचा हयातीचा दाखला त्यांच्या घरी जाऊन करायचा. बँकेच्या साहेबाला तुम्ही रिक्षात घालून न्यायचा. मंद्रूपच्या त्या अर्धांग झालेल्या ड्रायव्हरच्या घरी साहेबांनी विचारलं होतं, "हेच का ते? हयात आहेत ना?" तर म्हातारा खाटेवरून म्हणाला, "हिला इचारा. सकाळपास्नं मर मर म्हनायलीय, आजून तरी हाय." त्याची बायको पदरात तोंड घालून हसली. तुम्ही दाखल्यावर अंगठा उठवून घेताना त्याच्या पाठीवरची जखम बघितलीत आणि बँकेच्या साहेबाला तिथंच ताटकळत ठेवून ती धुऊन दिलीत.

हे सगळं हळूहळू बदललं. कुणा एकाच्या दुष्टपणानं बदललं असं मी म्हणणार नाही. नवे अध्यक्ष आले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलायला छान, वरच्या लोकांत ओळखी असलेले. त्यांनी संघाला बरे दिवस आणले. मोठा हॉल मिळाला, सभासद वाढले, वर्षातून एकदा स्नेहमेळावा होऊ लागला. पंचाहत्तरी झालेल्यांचा सत्कार, मधुमेहावर व्याख्यान, जेवण. अध्यक्षसाहेबांच्या पत्नी गेल्यापासून ते मोठ्या घरात एकटे असतात. मेळाव्याच्या दिवशी चारशे माणसं त्यांना पुन्हा 'साहेब' म्हणतात. तो त्यांचा आनंद मला कळायचा. कारण मलाही लोक 'सचिवसाहेब' म्हणायला लागले होते. मानपत्रं मी लिहायचो. माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं.

आणि तुम्हाला कार्यकारिणीत 'महिला प्रतिनिधी' केलं. महिला प्रतिनिधीचं काम काय, तर स्टेजच्या पायरीशी उभं राहून पाहुण्यांना द्यायचे पुष्पगुच्छ एकेक पुढं करायचे. तीन वर्षं तुम्ही ते केलंत. स्टेजवर खुर्ची तुम्हाला कधीच नव्हती. खुर्च्यांची यादी मीच करायचो, सिस्टर. त्या खुर्च्यांवर कुठली नावं येतात आणि कुठली येत नाहीत, हे आयुष्यभर आस्थापना सांभाळलेल्या माणसाला दिसत नव्हतं, असं कसं म्हणू?

गेल्या वर्षीची सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक पाच. मंगळवारचं टेबल आणि घरभेटी बंद करायच्या. आता दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, घरोघरी नातवंडं आहेत, माहिती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली की झालं. साहेबांनी फार छान मांडलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात तुम्ही उठलात. माईक तुमच्यापर्यंत आलाच नाही, तुम्ही तशाच बोललात.

"ज्याला मोबाईल धरता येत नाही, त्यानं काय करायचं?"

"सिस्टर, काळाबरोबर चालायला हवं," साहेब हसत म्हणाले.

"चालता येत असतं तर हितंच आले नसते का ते?" रागावलात की तुमची भाषा मंद्रूपला जायची. "मीटिंगला येत्यात तेवढेच मेंबर हायत का? ज्यांना येता येत न्हाय, त्यांच्यासाठीच तर संघ काढला की आपण. ह्या हॉलमधी बसलेल्यांना संघाची गरज काय हाय? जेवायची?"

कुणीतरी मागून ओरडलं, "सिस्टर, खाली बसा, जेवण गार होतंय." हॉल हसला. मी हसलो नाही. पण मान वहीत घातली. तुम्ही उभ्याच राहिलात आणि म्हणालात, "माझा विरोध हाय. लिहून घ्या भाऊसाहेब."

मी मान हलवली. तुम्हाला वाटलं, लिहून घेतलं.

चार दिवसांनी इतिवृत्त लिहायला बसलो तेव्हा विषय पाचपुढं थांबलो. साहेबांचा फोन येऊन गेला होता. "एका माणसाचा विरोध कशाला नोंदवायचा? वाचायला वाईट दिसतं. संघात फूट आहे असं वर वाटायला नको." मला तेव्हा ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. 'सविस्तर चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर करण्यात आला.' इतक्या वळणदार अक्षरात मी कधी लिहिलं नसेल.

पुढच्या सभेत ते वाचून कायम करायचं होतं. मी भरभर वाचलं. बाहेर आल्यावर तुम्ही जिन्यापाशी मला गाठलंत.

"भाऊसाहेब, मी कुठं आहे यात?"

"राहून गेलं सिस्टर. पुढच्या वेळी दुरुस्ती घेऊ."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. ती नजर टेबलापाशी उभ्या असायचा तेव्हाची होती. पण 'उद्या या' हे शब्द तुम्ही उच्चारले नाहीत. नुसतं म्हणालात, "घ्या मग. माझं म्हणणं मान्य करा असं नाही. मी तसं म्हणाले होते, एवढं राहू द्या."

आपण भांडलोही यावरून. माझ्या घरी, पोहे खाताना. मी म्हणालो, नुसत्या दाखल्यांवर संघ चालत नाही. नव्यानं निवृत्त झालेला माणूस मेळाव्यासाठी येतो, सहलीसाठी येतो. चारशे माणसं दिसली तर साहेब लोक आपलं पत्र वाचतात, चाळीस दिसली तर केराच्या टोपलीत. तुम्ही शांतपणे ऐकलंत. म्हणालात, "खरंय. पण मग त्या चारशेंनी वर्षातनं एकदा एकेका घरी जायला काय हरकत आहे?" मी तुमच्या बशीत आणखी पोहे वाढले. तरी तुम्ही संघ सोडला नाहीत. दुसरा काढा असं काही जण म्हणत होते, तुम्ही म्हणालात, "घर गळतंय म्हणून कुणी रस्त्यावर झोपतं का? शाकारायचं."

त्या नोव्हेंबरात कुणी कुठं गेलं नाही. ग्रुपवर मी सूचना टाकली. पुष्कळ जोडलेले हात आले.

मार्चमध्ये तुमचा फोन आला. वळसंगच्या नागव्वा आज्जीची फॅमिली पेन्शन बंद झाली होती. तिचा नवरा तुमच्याच आरोग्य केंद्रात पहारेकरी होता. दाखला गेला नाही म्हणून डिसेंबरपासून बंद. आणि आज्जीनं कुणाला सांगितलंही नव्हतं. तिला वाटलं होतं, मालक जाऊन इतकी वर्षं झाली, सरकारनं तरी किती दिवस द्यायचं, म्हणून बंद केलं असेल.

"तिला घेऊन बँकेत जायचंय. तुम्ही चला भाऊसाहेब. अर्ज तुमच्या हातचा असला की ते लोक टाळत नाहीत."

"कधी?"

"शनिवारी."

शनिवारी दुसऱ्याच दिवसावर आलेल्या मेळाव्याची गडबड होती. मानपत्रं व्हायची होती. मी म्हणालो, सोमवारनंतर बघू. तुम्ही म्हणालात, बरं. आणि एकट्या गेलात. वळसंगहून आज्जीला रिक्षानं आणलंत, शनिवारी काम अर्धं राहिलं म्हणून तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलंत. रविवारी मेळाव्याला तुम्ही आला नाहीत, आज्जी घरी होती म्हणून. पुष्पगुच्छ द्यायला कुणी नव्हतं. मी माईकवरून म्हणालो, "आमच्या महिला प्रतिनिधी ऐनवेळी अनुपस्थित राहिल्यामुळं थोडी गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगिरी." लोक हसले. मग मी गुलाबजाम खाल्ले. सोमवारी तुम्ही पुन्हा बँकेत गेलात.

त्या उन्हातल्या धावपळीनं तुम्ही आजारी पडलात असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच दमलेलं होतं. तुमची लेक विशाखाही तेच म्हणते. पण ती म्हणते तेव्हा माझ्याकडं बघत नाही, की मीच तिच्याकडं बघत नाही, कळत नाही.

आणि दवाखान्यातला तो दिवस. हे मी घरातही सांगितलेलं नाही. शहाळं घेऊन आलो होतो. तुम्ही उशाला टेकून बसला होता, हात फार बारीक झाले होते. मी मुलांचं, हवेचं, महागाईचं काहीबाही बोलत होतो. तुम्ही मध्येच विचारलंत, "भाऊसाहेब, ते लिहिलं का?"

मी म्हणालो, "हो. लिहिलं. दुरुस्ती घेतली."

का म्हणालो? तुम्हाला बरं वाटावं म्हणून, असं मी पहिले दोन दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला उठून घरी जायचं होतं. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बघा. एवढंच तर होतं." तुमच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मी शहाळं फोडून आणतो म्हणून बाहेर पडलो आणि बराच वेळ आत आलो नाही. तीन दिवसांनी तुम्ही गेलात.

जलदान विधीच्या दिवशी विशाखानं मला पहिल्या रांगेत बसवलं. वंदना झाल्यावर मला म्हणाली, "काका, आई शेवटच्या दिवसांत तुमचं नाव काढायची. म्हणायची, भाऊसाहेबांनी लिहिलं. उशीर केला, पण लिहिलं." निघताना उठू लागलो तर तिनं हात दिला. तिनं हात दिला.

शोकसभेनंतरच्या कार्यकारिणीत मी विषय काढला. विषय पाचचं इतिवृत्त चुकीचं आहे, सिस्टरांचा विरोध होता, तो मी लिहिला नाही. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

"भाऊसाहेब, कायम झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"बदलायचं नाही. आजच्या सभेत माझं निवेदन घ्या. सचिवानं खोटं लिहिलं, असं."

"अहो, त्या राहिल्या नाहीत. आता कुणासाठी?"

मला चांगलं उत्तर द्यायचं होतं. सुचलं ते एवढंच: "मी म्हणालो होतो त्यांना, लिहिलं म्हणून."

निवेदन घेतलं गेलं. माझ्याच अक्षरात, शेवटचं. नंतर साहेबांनी मला बाजूला घेऊन, अगदी प्रेमानं, प्रकृतीच्या कारणास्तव सचिवपद सोडायला सांगितलं. मी सोडलं. सिस्टर, यात शौर्य काही नाही. ज्या दिवशी ते लिहायला हवं होतं त्या दिवशी त्याची किंमत एका फोनपुरती होती. आणि घरभेटींचं म्हणाल तर त्या सुरू झालेल्या नाहीत. पुढच्या सभेत बघू, असं ठरलं.

नोव्हेंबर लागला. मी परवा अक्कलकोटच्या एसटीत बसून वळसंगला उतरलो. विशाखानं माझ्या मोबाईलवर ते चेहऱ्याचं सगळं घालून दिलं होतं, कागदावर क्रमानं लिहूनही दिलं होतं. नागव्वा आज्जी दारातच शेंगा फोडत बसली होती. "बर्री, कुंदर्री," कानडीत या, बसा म्हणाली आणि पोतं पुढं केलं. सिस्टर कुठं म्हणून माझ्या मागं बघितलं.

"सिस्टर येल्ली?"

तिला कुणी कळवलंच नव्हतं. ग्रुपवर कळवलं होतं. मी सांगितलं. तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, आणखी एक फोडली. मग हात थांबले. "मला घरी ठिवून घेतलं हुतं त्यांनी," म्हणाली, "दोन दिस. सोताच्या खाटंवर मला निजवलं." आणि पदर डोळ्यांना लावला. मी तिच्या शेजारी पोत्यावर बसून राहिलो.

मग दाखल्याचं काम काढलं. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. मोबाईल सांगायचा, डोळ्यांची उघडझाप करा. ती दोन्ही डोळे घट्ट मिटून बसायची. चार वेळा फसलं. पाचव्यांदा ती वैतागून माझ्याकडं बघत पापण्या फडफडवायला लागली आणि झालं. मी तिला हिरवी खूण दाखवली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिनं मला चहा दिला, मूठभर शेंगा खिशात घातल्या.

मी निघालो तशी तिनं हाक मारली. "अवो, त्या कोपऱ्याव दवाखान्यातला शिपाई हाय की. पडूनच असतोय. त्याचं बी काडा की तेवढं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते आपल्या संघाचे सभासद आहेत का?"

"म्हंजी?" तिनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"काही नाही आज्जी," मी म्हणालो. "घर कुठलं ते दाखवा."